दुसऱ्याच्या ओंजळीनं किती दिवस पाणी प्यायचं?

अभ्यास पाठ : गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मध्येच थांबून बोलायला हरकत नाही. शेवटी दिलेला हिशेब गटाच्या वहीत मांडावा.



आपल्या तलवाड्यात आणि आसपासच्या गावांत गटातल्या बाया आता नुसती बचत करून थांबत नाहीत. कुणी शेवया-पापड करतं, कुणी मसाला कांडून विकतं, कुणाचं शिवणयंत्र चालतं, कुणी शेळ्या पाळतं, कुणी दोन म्हशींचं दूध घालतं. गटातून कर्ज मिळतं, बँक दारात उभं करते, घरचेही आता पूर्वीइतके अडवत नाहीत. मग धंदा बंद का पडतो? माल चांगला नव्हता म्हणून बंद पडलेले धंदे थोडे. ज्याच्या भरवशावर सगळं चाललं होतं, तो एक दिवस मागे सरला म्हणून बंद पडलेले धंदे जास्त. आपल्याकडे म्हणच आहे, भरवशाच्या म्हशीला टोणगा.

या पाठाचा विषय हाच आहे. धंद्यात कुणावर किती टेकायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू

एखादी म्हणेल, "एकटीनं कुणाचा धंदा चालतो का? व्यापारी लागतो, दुकानदार लागतो, बँक लागते. कुणावर अवलंबून राहायचंच नाही म्हटलं तर चूल-मूलच बरं." बरोबर आहे तिचं. धंदा म्हणजे देणंघेणंच. बचत गट तरी काय, दहा जणींनी एकमेकींवर टेकून उभं राहणंच ना?

पण साथ वेगळी आणि भार टाकणं वेगळं. भिंतीला टेकून बसलो तर भिंत गेल्यावर आपण सावरतो. झोक्यावर बसलो आणि दोर तुटला, तर पडणारच. फरक ओळखायला एकच प्रश्न पुरतो: तो माणूस, तो व्यापारी, ती योजना उद्या सकाळी थांबली, तर आपला धंदा किती दिवस चालेल? उत्तर "दोन-तीन महिने तरी चालवू" असं असेल, तर ती साथ आहे. उत्तर "दुसऱ्या दिवशीच बंद" असं असेल, तर आपण दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पितोय. ओंजळ त्याची आहे, तोवर पाणी. त्यानं बोटं उघडली की संपलं.

उचल आपल्याला नवी नाही

परावलंबन म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यातल्या बाईला पुस्तकातून शिकवायची गरज नाही. दिवाळीच्या आसपास बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून आपली माणसं कारखान्यांकडे जातात. जायच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात, जुन्या देण्यात आधीच संपलेली असते. मग नवरा-बायकोचा कोयता सगळा हंगाम ती फेडतो. फिटली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे.

यातलं मर्म नीट बघा. पैसा आधी घेतला की भाव ठरवायचा हक्क जातो. काम कुठं करायचं, कुणासाठी करायचं, कधी सुट्टी घ्यायची, हे दुसराच ठरवतो. मुकादम चांगला असो की वाईट, मांडणीच अशी आहे.

आता आपल्या धंद्यात बघा. व्यापारी म्हणतो, "ताई, पीठ मी देतो, पिशव्या मी देतो, दोन हजार आगाऊ घ्या, माल मात्र मलाच द्यायचा." ऐकायला गोड लागतं. भांडवल लागत नाही, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पण हीही उचलच आहे, फक्त ऊस नाही, शेवया आहेत. कपाशीच्या बियाण्याची उधारी ज्याच्याकडे, कापूसही त्यालाच घालायचा, हा अनुभव ज्या घरांना आहे त्यांना हे चटकन कळेल. म्हणून पहिली शिकवण: ज्याला माल विकायचा, त्याच्याकडून शक्यतो उसनं घेऊ नये. उसनं गटातून घ्यावं, बँकेतून घ्यावं. देणेकरी आणि गिऱ्हाईक एकच झाला की आपल्याला तोंड उघडता येत नाही.

गणवेशाचं काम आलं आणि गेलं

आता आपल्याच राज्यातलं ताजं उदाहरण. शाळेतल्या मुलांसाठी "एक राज्य एक गणवेश" योजना आली. २०२४-२५ या शालेय वर्षात गणवेश शिवायचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत, म्हणजे माविमच्या बचत गटांना मिळालं. राज्यभरच्या शिवणकाम करणाऱ्या बायांसाठी ही मोठी संधी होती. घराजवळ काम, सरकारी काम, आणि शाळा काही बंद पडणार नाहीत असा भरवसा.

पण कापड एका ठिकाणाहून कापून यायचं होतं. मापं वर ठरली होती. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा पोचले, शाळा सुरू होऊन महिने लोटले, मापाच्या तक्रारी आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं निर्णय बदलला. २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं.

यात शिवणाऱ्या बाईच्या हातात काय होतं? सुई, दोरा आणि यंत्र. कापड कधी येणार, माप काय, किती नग, पैसे कधी, आणि पुढच्या वर्षी काम राहणार की नाही, यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. तिची शिलाई कितीही सरळ असली तरी काम टिकवणं तिच्या हाती नव्हतं. आता कल्पना करा, अशा एकाच कामाच्या भरवशावर एखादीनं कर्ज काढून नवं यंत्र घेतलं. काम एका कागदानं गेलं. बँकेचा हप्ता कुठल्या कागदानं जाणार?

याचा अर्थ सरकारी काम घेऊ नये असा मुळीच नाही. मिळालं तर घ्यावं, मन लावून करावं. पण ते पुरणपोळीवरचं तूप समजावं, पोळी नव्हे. दुसरीही बाजू बघा. काम शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलं, म्हणजे निर्णय आता मुंबईत नाही, गावात आहे. समितीत पालक बसतात, आपल्यातल्या काही जणीही असतील. गावात एक शाळा, शेजारच्या गावात दुसरी, वाडीवर तिसरी. वर एकच मोठं गिऱ्हाईक होतं, तिथं आता तीन-चार लहान गिऱ्हाइकं आहेत. जिची शिलाई चांगली आहे, जी वेळेवर देते, तिनं एक नमुना गणवेश शिवून मुख्याध्यापकांना आणि समितीला दाखवायला काय हरकत आहे? आदेश यायची वाट बघत बसणं वेगळं आणि नमुना घेऊन जाणं वेगळं.

हक्क असूनही वाट बघावी लागते

अंगणवाडीच्या आहाराची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. ७ ऑक्टोबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की अंगणवाडीच्या आहारासाठी कंत्राटदार नकोत, शक्यतो गावचे समूह, बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून काम करून घ्यावं. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयानं गटांच्या बाजूनं सांगितलं. तरी आपल्या राज्यात २०१६ साली घरपोच आहारासाठी जी निविदा निघाली, तिच्या अटी लहान गटांना पेलणाऱ्या नव्हत्या. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. वैष्णोराणी महिला बचत गट विरुद्ध महाराष्ट्र शासन या नावानं तो खटला ओळखला जातो. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं ती निविदा रद्द केली.

न्याय मिळाला, हे चांगलंच. पण २०१६ ते २०१९ ही वर्षं मोजा. हक्कासाठी लढायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. मात्र लढा चालू असताना चूल कशावर पेटणार, याची तजवीज वेगळी करावी लागते. कायदा आपल्या बाजूनं असला तरी संध्याकाळचं पीठ कायदा आणून देत नाही.

सात जणी आणि ऐंशी रुपये

आता उलट बाजूची गोष्ट. लिज्जत पापड सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायांनी पापड लाटायला सुरुवात केली. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्या एक. पुढे २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भांडवल ऐंशी रुपये, तेही उसने. छगनलाल पारेख नावाच्या सामाजिक कार्यकर्त्यांनी ते दिले. त्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली.

म्हणजे सुरुवातीला त्याही एका माणसाच्या उसन्या पैशावर आणि एका व्यापाऱ्यावर टेकलेल्या होत्या. सुरुवात अशीच होते, त्यात लाज नाही. प्रश्न पुढे काय केलं याचा आहे. त्यांनी काय केलं, ते एकेक करून बघू.

पहिलं, सुरुवातीलाच ठरवलं की कुणाकडे देणगी मागायची नाही, तोटा झाला तरी नाही. देणगी आज मिळते, उद्या देणाऱ्याचं मन बदलतं. मग कामाची सवय मोडलेली असते.

दुसरं, मालाचा दर्जा एकच ठेवला. सुरुवातीला दोन प्रकारचे पापड करून एक स्वस्तात विकायचा विचार होता. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच चांगला पापड करा आणि दर्जा कधी खाली आणू नका. शिवाय हिशेब चोख ठेवा, हे काम धंद्यासारखं चालवा. गिऱ्हाईक एकदा चवीला बांधलं गेलं की ते व्यापाऱ्याचं राहत नाही, आपलं होतं. दुकानात जाऊन ते आपला माल नावानं मागतं. मग व्यापाऱ्यालाच आपली गरज लागते.

तिसरं, अडचणीवर स्वतः तोड काढली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, खाली स्टोव्ह पेटवला आणि खाटेवर पापड वाळवले. ना मोठं यंत्र, ना कुठली योजना. उन्हाच्या भरवशावर बसणंही परावलंबनच होतं, ते त्यांनी खाटेनं सोडवलं.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, काम करणारी प्रत्येक बाई मालकीण. लिज्जतमध्ये कामाला येणारीला मजूर म्हणत नाहीत, बहीण म्हणतात. नफा-तोट्यात सगळ्या वाटेकरी. पहिल्या तीन महिन्यांतच सातच्या पंचवीस जणी झाल्या. पुढे देशभर शाखा झाल्या आणि बहिणींची संख्या हजारोंत गेली. सगळं काही चढतंच गेलं असंही नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढायचा प्रयत्न फसला. तरी मूळ काम बुडालं नाही, कारण सगळं त्या एका शाखेवर लावलेलं नव्हतं.

या बाया कुणावरच अवलंबून नव्हत्या असं नाही. एकमेकींवर होत्याच. पण बाहेरच्या कुण्या एकावर त्यांचं सगळं टांगलेलं नव्हतं.

भार कुठं कुठं लपतो?

आपल्या धंद्यात हा भार पाच ठिकाणी लपलेला असतो. एकेक ठिकाण तपासा.

१. गिऱ्हाईक. सगळा माल एकालाच जातो का? एकाच दुकानाला, एकाच संस्थेला, एकाच प्रदर्शनाला? एका हंगामावर धंदा असेल तर तेही एकच गिऱ्हाईक समजा. नवरात्रात त्वरितादेवीच्या दर्शनाला गर्दी होते, तेव्हा ओटीचं सामान, प्रसाद चांगला खपतो. पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, देवळं बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये उघडली, पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. ज्यांचं सगळं देवळाच्या दारात होतं, त्यांना तो काळ फार जड गेला.

२. कच्चा माल. पीठ, मसाला, कापड, पेंड एकाच दुकानातून येतं का? तेही उधारीवर? दुकानदारानं भाव वाढवला तर दुसरं दुकान माहीत आहे का?

३. पैसा. धंदा अनुदानावर चाललाय की विक्रीवर? फिरता निधी, गुंतवणूक निधी हे बियाण्यासारखे. पेरायचे असतात, खायचे नसतात. पुढचं अनुदान आलं की बघू, असं म्हणणारा गट पुढच्या अनुदानापर्यंत गट राहतोच असं नाही.

४. हात आणि डोकं. मसाल्याचं प्रमाण एकीलाच माहीत. यंत्र दुरुस्त करणारा एकच. भाव बोलणारी एकटी अध्यक्ष. ती बाळंतपणाला माहेरी गेली, आजारी पडली, रुसली, की धंदा बंद. बाहेरच्यावरच भार असतो असं नाही, घरातल्या एकीवरही असतो.

५. कागद आणि फोन. हिशेब सीआरपी ताई लिहिते, आपण सही करतो. बँकेचं पुस्तक कुणाकडे आहे, माहीत नाही. गिऱ्हाइकांचे नंबर मुलाच्या फोनमध्ये. पैसे नवऱ्याच्या खात्यात, कारण ऑनलाइन पैसे यायचं त्याचंच खातं जोडलंय. यात कुणी फसवेल असं म्हणायचं नाही. पण आपल्या कमाईचा आकडा आपल्याला दुसऱ्याला विचारावा लागत असेल, तर धंदा आपला कसा?

एक हिशेब मांडून बघू

समजा दहा जणींचा गट आहे. महिन्याला २०० किलो शेवया करतो. एका किलोला पीठ, मीठ, पिशवी, वीज धरून ७० रुपये लागतात. सगळा माल एकच व्यापारी ९० रुपयांनी घेतो. किलोमागे २० रुपये सुटतात. २०० किलोचे ४,००० रुपये. प्रत्येकीला ४००.

एक दिवस व्यापारी म्हणाला, "बाजार पडलाय, दहा रुपये कमी करा." दुसरं गिऱ्हाईक नाही, म्हणून गटानं मान डोलावली. आता किलोमागे १० रुपये सुटतात. ४,००० चे २,००० झाले. भाव उतरला नव्वदात दहा, म्हणजे नवव्या हिश्शाएवढा. पण आपली मजुरी निम्मी झाली. खर्च तेवढाच राहतो आणि सगळा मार मजुरीवर बसतो. "दहाच तर रुपये" असं कुणी म्हणालं की हा हिशेब आठवावा.

आता समजा याच गटानं ८० किलो माल स्वतः विकला. गावात, आठवडी बाजारात, नात्यागोत्यात, शाळेच्या शिक्षकांना. भाव १२० रुपये. किलोमागे ५० सुटले, ८० किलोचे ४,००० रुपये. बाजारात जायला-यायला, जागेला ८०० गेले. राहिले ३,२००. उरलेला १२० किलो व्यापाऱ्याला ९० नं दिला, त्याचे २,४००. एकूण ५,६००.

व्यापाऱ्यानं दहा रुपये कापले तरी १,२०० आणि ३,२०० मिळून ४,४०० होतात. म्हणजे पूर्वी चांगला भाव असताना मिळत होते, त्याहूनही जास्त. आणि व्यापारी उद्या आलाच नाही, तरी ३,२०० राहतात. चूल विझत नाही.

अजून एक बघा. व्यापारी "पुढच्या महिन्यात देतो" म्हणत दोन महिन्यांचे पैसे थकवतो. ४०० किलोचे ३६,००० रुपये त्याच्याकडे अडकले. त्यातले २८,००० तर आपल्या पीठ-पिशवीचे आहेत. म्हणजे आपण व्यापाऱ्याला बिनव्याजी कर्ज दिलं, आणि गटाला मात्र व्याज भरतोय.

मग करायचं काय?

उद्या सकाळी व्यापाऱ्याशी भांडण करायचं नाही. तोही आपला गिऱ्हाईक आहे. आज दुसरी सोय नसताना त्याला तोडणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा. हळूहळू पण ठरवून पुढं जायचं.

निम्म्यापेक्षा जास्त माल एकाला नको. आज शंभर टक्के जात असेल तर वर्षभरात निम्म्यावर आणायचं ठरवा. दर महिन्याला एक नवं गिऱ्हाईक जोडलं तरी वर्षात बारा होतात.

हप्ता निम्म्या कमाईवर मोजा. यंत्रासाठी कर्ज घेताना सगळं काम मिळेल असं धरू नका. काम निम्मं झालं तरी हप्ता जाईल, एवढंच कर्ज घ्या. कर्ज समितीनंही मंजुरीआधी हाच प्रश्न विचारावा.

लिहून घ्या. किती माल, काय भाव, पैसे कधी, हे साध्या कागदावर का होईना, सहीनं घ्या. दिलेल्या मालाची पावती ठेवा. गटाची उद्यम नोंदणी करता येते, तिला पैसे लागत नाहीत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं माल बनवणाऱ्या नोंदणीकृत लहान उद्योगाचे पैसे खरेदीदारानं लेखी करार असल्यास ठरलेल्या दिवसापर्यंत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं आणि तक्रारीची सोय आहे. दोनशे रुपयांसाठी कुणी तक्रार करणार नाही, हे खरं. पण हा कायदा आपल्याला माहीत आहे एवढं व्यापाऱ्याला कळलं, तरी बोलण्यात फरक पडतो.

नाव आपलं असू द्या. व्यापाऱ्याच्या पिशवीत माल भरला की खाणाऱ्याला आपण कोण ते कळत नाही. निदान जो माल स्वतः विकतो, त्या पिशवीवर गटाचं नाव, गावाचं नाव आणि फोन नंबर असावा. अन्न परवान्याची नोंदणी असेल तर तो क्रमांकही. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे गावाच्या, जिल्ह्याच्या नावालाही किंमत असते. आपल्या पिशवीवर ते नाव का नसावं?

प्रत्येक कामाला दोघी. प्रमाण दोघींना माहीत, हिशेब दोघींना येतो, बँकेत दोघी जातात, भाव दोघी बोलतात. जी शिकवते तिचं महत्त्व कमी होत नाही. उलट ती बिनघोर आजारी पडू शकते.

एकत्र खरेदी करा. एका गटानं ५० किलो गहू घेण्यापेक्षा ग्रामसंघातल्या चार गटांनी मिळून घेतला तर भाव आपण विचारतो, दुकानदार सांगत नाही. प्रभागसंघ त्यासाठीच आहे. मात्र प्रभागसंघानं सगळा माल विकून द्यावा, ही अपेक्षाही त्याच रोगातली. संघ वाट दाखवेल, सोबत येईल. चालायचं गटानंच.

थोडं बाजूला ठेवा. दर महिन्याच्या नफ्यातून दहावा हिस्सा धंद्याच्या नावानं वेगळा ठेवा. तीन महिन्यांच्या कच्च्या मालाइतकी रक्कम जमली की व्यापाऱ्याला "या भावात परवडत नाही" म्हणायची ताकद येते. "नाही" म्हणता येणं हीच धंद्यातली खरी मालकी.

बैठकीतला अभ्यास

वहीचं एक पान घ्या. पाच ओळी आखा: गिऱ्हाईक, कच्चा माल, पैसा, हात, कागद-फोन. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी लिहा. आज आपण कुणावर टेकलोय? तो उद्या थांबला तर किती दिवस तग धरू? पुढच्या बैठकीपर्यंत त्यासाठी कोणतं एक काम कोण करणार? कामापुढे बाईचं नाव लिहा. नाव नसलेलं काम कुणाचंच नसतं.

मग या प्रश्नांवर बोला:

१. आपल्या गटाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोण? एकूण मालातला किती हिस्सा तो घेतो? आकडा काढा, अंदाज नको.

२. आपल्याकडून माल घेणाऱ्याकडेच आपली उधारी आहे का? असेल तर ती गटाच्या कर्जातून फेडून मोकळं होणं परवडेल का?

३. आपल्या गावात आणि पाच किलोमीटरच्या आत आपला माल घेऊ शकेल अशी किती ठिकाणं आहेत? शाळा, आश्रमशाळा, दवाखाना, हॉटेल, किराणा दुकान, लग्नाचं घर. यादी करा.

४. अध्यक्ष, सचिव दोघी महिनाभर नसल्या तर धंदा चालेल का? नाही म्हणत असाल, तर कुणी काय शिकायचं?

५. गणवेशासारखं मोठं सरकारी काम उद्या मिळालं तर ते घेताना कोणत्या तीन गोष्टी आधी विचारायच्या?

पान भरून झालं की ते फाडून ठेवू नका, वहीतच राहू द्या. तीन महिन्यांनी पुन्हा उघडा. "दुसऱ्या दिवशीच बंद" असं जिथं लिहिलं होतं, तिथं "महिनाभर चालवू" असं लिहिता आलं, तर गट पुढं गेला असं समजा. कर्जाची रक्कम वाढली, अनुदान आलं, फोटो छापून आला, यापेक्षा ही प्रगती खरी.

आणि ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत हे पान सोबत आणा. एका गटाला जी अडचण वाटते, तिच्यावर दुसऱ्या गटानं तोड काढलेली असते. एकीकडे शेवयांना गिऱ्हाईक नाही आणि दुसरीकडच्या ताईला बाजारात नेऊन विकायला माल कमी पडतो, असं होऊ शकतं. एकमेकींना विचारू, एकमेकींचा माल विकू. आपला हात जगन्नाथ म्हणतात. गटात तर असे वीस हात आहेत.